पैसा पोंचविणाऱ्याची वही

मनमाडहून निघालेली गाडी रोटेगांव मागें टाकून छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, दिशेनें येऊं लागली कीं वाटेंत लासूर लागतें. मूळचें लासूर गांव शिवना नदीच्या कांठचें, दाक्षायणी देवीच्या देवळासाठीं पंचक्रोशींत प्रसिद्ध. रेल्वे आल्यावर रुळांच्या आधारानें जी व्यापारी वस्ती वाढली तिला लोकांनीं कांहीं अलंकारिक नांव दिलें नाहीं. ती लासूर स्टेशनच राहिली. कांदा, कापूस, मका यांची येथें मोठी उलाढाल होते, आणि जेथें माल येतो-जातो तेथें पैसाही येतो-जातो.

अशा पेठेंत आज हटकून एक लहानसें दुकान आढळतें. पुढें मोबाइलच्या रीचार्जची पाटी, आंत एक संगणक, बोटाचा ठसा घेणारें एक लहान यंत्र, आणि भिंतीवर 'येथें पैसे पाठविले व दिले जातात' अशा अर्थाचा फलक. परमुलखांतून मजुरीला आलेला माणूस आठवड्याची कमाई येथून घरीं धाडतो, आणि ज्या घरचा मुलगा आखातांत किंवा अमेरिकेंत आहे त्या घरची आई त्याचे पैसे घ्यावयास येथें येते. मग दुकानदार विचारूं लागतो : ओळखपत्र कोठें आहे, पाठविणाऱ्याचें नांव काय, तो तुमचा कोण, पैसे कशासाठीं आले. म्हातारीला राग येतो. पोटच्या मुलानें आईला धाडलेले पैसे. ते घेतांना आईनें दाखला कां द्यावा? आणि हा लिहून घेतलेला मजकूर पुढें जातो तरी कोठें?

तिचा प्रश्न अडाणीपणाचा मुळींच नव्हे. पैसा पोंचविण्याचा परवाना ज्यांना मिळतो त्यांच्यावर सरकारला कांहीं गोष्टी कळविण्याचें बंधन असतें. पण त्या कोणत्या, केव्हां आणि कोणाला कळवावयाच्या याची माहिती सुशिक्षित घरांतही फारशी नसते. परिणामीं एका बाजूला उगीच भय वाटतें, आणि दुसऱ्या बाजूला जेथें सावध राहावयास हवें तेथें गाफीलपणा होतो.

पैसा पोंचविण्याचा धंदा या मुलखाला नवा नाहीं. निजामाच्या अंमलाखालीं लासूर हें जवळजवळ हद्दीवरचें ठिकाण होतें. रुळांवरून पश्चिमेकडे गेलें कीं मनमाड, आणि मनमाड म्हणजे इंग्रजी मुलूख, मुंबई इलाखा. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार. ढोबळ हिशेब असा कीं सहा कलदार रुपये म्हणजे सात हाली रुपये. मुंबईंत गिरणीवर राबणाऱ्या माणसानें साठ कलदार रुपये घरीं धाडले तर निजामी हद्दींत त्यांचे सत्तर हाली रुपये व्हावयाचे, आणि त्यांतून सावकार आपली हुंडणावळ कापून घ्यावयाचा. हैदराबाद १९४८ सालीं भारतांत आलें आणि पुढें कांहीं वर्षांत हाली शिक्काही गेला. पण 'हुंडणावळ' हा शब्द मराठींत टिकून आहे.

हुंडीच्या व्यवहाराला कायद्यापेक्षां पतीचा आधार अधिक होता, आणि तरीही तो ढिला नव्हता. किंबहुना आजच्या नियमांत जें जें आहे त्यांतील पुष्कळसें त्या व्यवहारांत सांपडतें. शहाजोग हुंडीचेंच उदाहरण घ्यावें. तिचे पैसे वाटेल त्याच्या हातीं पडत नसत. ते पेठेंतील एखाद्या पतवान सावकाराला, म्हणजे 'शहा'ला, द्यावे लागत. पुढें हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर त्या शहाला शोधून काढतां येई आणि त्याच्याकडून पैसे परत मागतां येत. पैसे घेणारा माणूस ओळखीचा असला पाहिजे, हें तत्त्व हुंडी वटविणाऱ्याला कोणा सरकारी परिपत्रकानें शिकविलें नव्हतें. हुंडी हरवली तर पैठ लिहावयाची, तीही हरवली तर परपैठ; पैसे चुकते झाले कीं ती हुंडी 'खोका' होई आणि दप्तरांत जपून ठेवली जाई. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पैसे पोंचल्याची पावती उलट यावी यासाठीं जवाबी हुंडी होती. रोजकीर्द, खतावणी आणि खोका या तिन्ही गोष्टी जेथें जुळत तेथें पेढीची अब्रू शाबूत समजली जाई. इंग्रज सरकारनें १८८१ सालीं हुंड्या-चिठ्ठ्यांचा म्हणजे परक्राम्य लेखांचा कायदा केला, तेव्हांही देशी भाषांत लिहिलेल्या हुंडीच्या रूढींना धक्का न लावण्याचें धोरण त्यानें पत्करलें.

एक फरक मात्र मूलभूत होता. पेढीची वही पेढीपुरती असे. तींतील मजकूर सरकारला महिन्याच्या महिन्याला कळविण्याची कल्पना कोणाच्या स्वप्नांतही नव्हती. १८८० सालीं टपालखात्यानें मनीऑर्डरचें काम आपल्याकडे घेतलें तेव्हां सरकार स्वतःच पैसा पोंचविणारें झालें. मग त्यानें कळवावयाचें तरी कोणाला?

अडचण निर्माण झाली ती हवाल्यामुळें. हवाल्यांत पैसा प्रत्यक्ष हलतच नाहीं. दुबईंतील माणूस तेथील दलालाच्या हातांत दिऱ्हाम ठेवतो. दलाल मुंबईंतील आपल्या जोडीदाराला एक खूण कळवितो. जोडीदार गांवांतील आईला रुपये देतो. या दोघांतील देणें-घेणें मागाहून उलट दिशेच्या व्यवहारांनीं, सोन्यानें किंवा मालाच्या खोट्या बिलांनीं फिटतें. पाठविणारा बहुधा निष्पाप असतो. त्याला फक्त स्वस्त आणि जलद सेवा हवी असते. परंतु देशाला मिळावयाचें परकीय चलन बाहेरच राहतें, आणि आईचे पैसे ज्या रुपयांतून दिले गेले ते रुपये कोणाचे, हें कोणालाच ठाऊक नसतें. ते लांचेचे असूं शकतात, अफूचे असूं शकतात, बाँबचेही असूं शकतात. १९४७ आणि १९७३ या सालच्या परकीय चलनाच्या कायद्यांचा रोख चलन वांचविण्यावर होता. १ जून २००० पासून अंमलांत आलेल्या 'फेमा' कायद्यानें तो कडकपणा पुष्कळसा सैल केला. तथापि परवान्यावांचून परदेशचा पैसा पोंचविणें आजही बेकायदाच आहे.

जगाचें लक्ष चलनावरून पैशाच्या उगमाकडे वळलें तें १९८९ मध्यें. त्या वर्षीं पॅरिस येथें सात श्रीमंत राष्ट्रांच्या परिषदेंत फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स या मंडळाची स्थापना झाली. अमली पदार्थांच्या व्यापाराचा पैसा बँकांतून धुऊन निघतो, तो अडवावा, हा त्याचा पहिला हेतु. न्यूयॉर्कवरील सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्यांत दहशतवादाला पुरविल्या जाणाऱ्या पैशाची भर पडली, आणि पैसा पोंचविणाऱ्या प्रत्येक धंद्याला परवाना किंवा नोंदणी असावी, त्यानें ग्राहक ओळखावा, वही ठेवावी आणि संशय आला तर कळवावें, असा दंडक मंडळानें घालून दिला. भारत या मंडळाचा सभासद २०१० मध्यें झाला. त्याआधींच येथें काळा पैसा पांढरा करण्यास प्रतिबंध करणारा २००२ चा कायदा झाला होता. तो १ जुलै २००५ पासून लागू झाला. कळविलेली माहिती घेण्यासाठीं नोव्हेंबर २००४ मध्यें दिल्लींत फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट, मराठींत सांगावयाचें तर आर्थिक गुप्तवार्ता कक्ष, स्थापन करण्यांत आला. बँका आरंभापासूनच या कायद्याच्या कक्षेंत होत्या. २००९ च्या दुरुस्तीनें परकीय चलनाचे अधिकृत व्यापारी आणि पैसे फिरविणाऱ्या यंत्रणा चालविणारे यांनाही तींत ओढलें.

आतां लासूरच्या दुकानाकडे परत यावें. परदेशांतून आलेले पैसे तेथें ज्या योजनेखालीं मिळतात ती रिझर्व्ह बँकेची मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम. या योजनेंत तीन पायऱ्या आहेत. परदेशांत पैसे स्वीकारणारी मूळ कंपनी. तिची भारतांतील दलाल संस्था, जिला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. आणि त्या संस्थेनें नेमलेला उपदलाल, म्हणजे हें दुकान. योजना एकमार्गी आहे : पैसे परदेशांतून येथें यावयाचे, येथून तिकडे जावयाचे नाहींत. तेही घरखर्चासाठीं किंवा देशांत आलेल्या परदेशी पाहुण्यासाठींच. व्यापाराचे पैसे, धर्मादाय संस्थेची देणगी, जमीनजुमल्याची खरेदी यांना येथें मज्जाव आहे. एका वेळीं २,५०० डॉलर्सहून अधिक रक्कम येऊं शकत नाहीं, एका माणसाला एका वर्षांत तीसपेक्षां अधिक वेळां ती घेतां येत नाहीं, आणि ५०,००० रुपयांपर्यंतच रोख मिळते. त्यापुढची रक्कम बँकेच्या खात्यांत किंवा धनादेशानें घ्यावी लागते. म्हातारीला विचारलेल्या 'तो तुमचा कोण' आणि 'कशासाठीं' या दोन प्रश्नांचा उगम या अटींत आहे. दुकानदार तिच्यावर संशय घेत नसतो. हे पैसे या मार्गानें येण्यास पात्र आहेत कीं नाहींत एवढेंच तो पाहत असतो.

देशांतल्या देशांत मजूर जे पैसे धाडतो त्यांची वाट निराळी आहे. तेथें दुकानदार एखाद्या बँकेचा प्रतिनिधी म्हणून काम करतो. रिझर्व्ह बँकेनें २०११ मध्यें हे नियम बरेच सैल केले होते, कारण त्या काळीं खेड्यापाड्यांत बँकेचें खातें असलेलीं माणसें थोडीं होतीं. खातीं वाढलीं तशी ती सूट अनावश्यक वाटूं लागली, आणि जुलै २०२४ मध्यें काढलेल्या परिपत्रकानें १ नोव्हेंबर २०२४ पासून रोख पैसे भरून धाडणाऱ्याचा मोबाइल क्रमांक पडताळणें आणि त्याचें ओळखपत्र घेणें आवश्यक ठरलें. फलाट्यावरून उतरून थेट शेतावर गेलेल्या परप्रांतीय मजुराला हें जाचक होतें यांत शंका नाहीं. मोबाइल दुसऱ्याच्या नांवावर, कार्ड गांवीं राहिलेलें, अशी त्याची स्थिति असते. नियम करणाऱ्यांनीं या माणसाचा विचार जितका करावयास हवा होता तितका केला असें म्हणवत नाहीं.

आतां कळविण्याचें मुख्य प्रकरण. पहिली गोष्ट ही कीं दुकानदार स्वतः दिल्लीला कांहीं लिहीत नाहीं. तो आपल्या वरच्या संस्थेला किंवा बँकेला माहिती देतो. प्रत्येक परवानाधारक संस्थेंत एक प्रमुख अधिकारी नेमलेला असतो, आणि कळविण्याचें काम त्याचें. संचालकांपैकीं एकाचें नांवही जबाबदार म्हणून कक्षाला द्यावें लागतें, म्हणजे पुढें चूक झाली तर 'कारकुनाकडून राहून गेलें' ही सबब चालत नाहीं.

कांहीं गोष्टी आंकड्यावरून कळवावयाच्या असतात. त्यांत कोणाच्या मताचा प्रश्न नाहीं. दहा लाख रुपयांहून अधिक रोखीचा व्यवहार झाला, किंवा एकाच महिन्यांत परस्परांशीं निगडित असे लहान लहान रोख व्यवहार मिळून दहा लाखांच्या वर गेले, कीं पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत त्याची माहिती दिल्लीस गेली पाहिजे. देशाच्या हद्दीबाहेर जाणारी किंवा बाहेरून येणारी पांच लाखांहून अधिक रक्कम तारेनें म्हणजे आजच्या भाषेंत विद्युत्संदेशानें फिरली तर तीही त्याच तारखेपर्यंत. खोट्या नोटा सांपडल्या तर त्याही. या विवरणांत ज्याचें नांव जातें तो आरोपी ठरत नाहीं. कापसाच्या हंगामांत एखादा आडत्या सचोटीनेंही दहा लाखांची रोकड फिरवूं शकतो. त्याचें नांव गेलें म्हणून त्याच्या दारांत शिपाई येत नाहीं. रस्त्यावरच्या नाक्यावर गाड्या मोजाव्यात तसा हा प्रकार आहे.

दुसरा प्रकार याहून पुष्कळ अवघड आहे, कारण तो माणसाच्या विवेकावर सोंपविलेला आहे. व्यवहार संशयास्पद वाटला तर रक्कम कितीही लहान असो, तो कळवावा लागतो. व्यवहार पुरा झाला नसला, नुसता प्रयत्न झाला असला, तरीही. संशयाची खात्री पटल्यावर तो विनाविलंब कळवावा लागतो. आतां संशय कशावरून यावा? उदाहरणार्थ, ज्याला पन्नास हजारांच्या आंतच रोख मिळते हें ठाऊक आहे असा एखादा मनुष्य दर खेपेस एकोणपन्नास हजारांच्या आसपासची रक्कम घेतो. एकाच दिवशीं पांच माणसें येतात, पांचांची नांवें वेगळीं, पण पैसे मिळाल्यावर ते सारे बाहेर उभ्या असलेल्या एकाच्या हातीं देतात. परदेशांतील वीस अनोळखी माणसें एकाच म्हातारीला पैसे धाडतात आणि तिला त्यांतील एकाचेंही नांव सांगतां येत नाहीं. यांतील प्रत्येक खेप एकेकटी पाहिली तर निर्दोष दिसते. ओळीनें मांडली म्हणजे तिचा अर्थ बदलतो. म्हणून वही हवी, आणि ती पांच वर्षें जपून ठेवावी असें कायदा सांगतो.

या शेवटच्या उदाहरणांतली म्हातारी कल्पनेंतली असली तरी तिच्यासारखीं माणसें कल्पनेंतलीं नाहींत. दूरध्वनीवरून फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना लुटीचा पैसा उतरवून घेण्यासाठीं साध्याभोळ्या माणसांचीं खातीं आणि नांवें लागतात. 'नुसते पैसे घ्या आणि पुढें द्या, हजार रुपये तुमचे' एवढ्या लोभावर एखादा विद्यार्थी किंवा बेकार तरुण आपलें नांव भाड्यानें देतो. पोलिसांची चिठ्ठी येते तेव्हां ती त्या टोळीच्या नव्हे, त्याच्या पत्त्यावर येते. ओळख विचारणारा दुकानदार जर पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच थबकला, तर असा एखादा तरुण वांचूं शकतो.

संशय कळविल्यावर तो संबंधित ग्राहकाला सांगावयाचा नाहीं, असा सक्त निर्बंध आहे. 'तुमच्याविषयीं आम्हांस दिल्लीला लिहावें लागलें' असें कोणी मैत्रीच्या भरांत सांगितलें तरी तो नियमभंग होतो. यामागील कारण उघड आहे : चोराला चाहूल लागली तर पैसा आणि चोर दोन्ही नाहींसे होतात. उलटपक्षीं, सद्हेतूनें कळविणाऱ्या संस्थेवर ग्राहकाला अब्रुनुकसानीचा दावा लावतां येत नाहीं. कायद्यानें तिला तसें संरक्षण दिलें आहे. आणि जी संस्था कळवीत नाहीं तिला प्रत्येक चुकीमागें किमान दहा हजार व कमाल एक लाख रुपये दंड होऊं शकतो. एका चुकीचा दंड लहान वाटतो. पण चुका मोजल्या जातात व्यवहारागणिक. फेब्रुवारी २०२४ मध्यें या कक्षानें पेटीएम पेमेंट्स बँकेला ५ कोटी ४९ लाख रुपयांचा दंड केला तो असाच सांचत गेलेल्या त्रुटींबद्दल. ऑनलाइन जुगाराचे पैसे त्या बँकेच्या खात्यांतून फिरले होते.

या कर्तव्याची मर्यादा कोठपर्यंत जाते यावर दिल्लीच्या उच्च न्यायालयांत एक महत्त्वाचा खटला झाला. पेपाल ही अमेरिकन कंपनी परदेशी गिऱ्हाईक आणि भारतीय विक्रेता यांच्यांत पैशाचा दुवा जोडून देत असे. कक्षानें तिला नोंदणी करण्यास सांगितलें. कंपनीचें म्हणणें असें कीं ती पैसा हातांत घेतच नाहीं. पैसा बँकांतून फिरतो, ती केवळ मधली तांत्रिक वाट आहे, आणि रिझर्व्ह बँकही तिला पैसे फिरविणारी यंत्रणा मानीत नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें कक्षानें तिला ९६ लाखांचा दंड ठोठावला. २४ जुलै २०२३ च्या निकालांत न्यायालयानें दोन्ही बाजूंस अर्धें अर्धें दिलें. पैसा एकाकडून दुसऱ्याकडे जाणें ज्या व्यवस्थेमुळें शक्य होतें ती व्यवस्था चालविणारा, मग तो नाण्याला हात लावो वा न लावो, या कायद्यापुरता कळविण्यास बांधलेला आहे, असें न्यायालयानें ठरविलें. मात्र कंपनीची समजूत प्रामाणिक होती म्हणून दंड रद्द केला. जुन्या पेढीच्या भाषेंत बोलावयाचें तर, हुंडी लिहिणाराच नव्हे, ती नेऊन पोंचविणारा कासीदही यापुढें वही ठेवील.

ज्या मराठी कुटुंबांचीं मुलें न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियांत आहेत त्यांना दुसऱ्या टोंकाचीही कल्पना असलेली बरी. अमेरिकेंत पैसा पोंचविणाऱ्या कंपनीला केंद्र सरकारच्या अर्थखात्याकडे नोंदणी करावी लागते आणि शिवाय बहुतेक संस्थानांत, म्हणजे राज्यांत, वेगळा परवाना काढावा लागतो. ३,००० डॉलर्सपासून पुढें धाडणाऱ्याचें नांव-गांव लिहून घ्यावें लागतें, दहा हजारांवरील रोकड पंधरा दिवसांत कळवावी लागते, आणि २,००० डॉलर्सपासूनचा संशयास्पद व्यवहार तीस दिवसांत. हें नियम कागदावरच राहिले तर काय होतें याचें उदाहरण वेस्टर्न युनियन या जगप्रसिद्ध कंपनीनेंच घालून दिलें. तिच्या कांहीं दलालांनीं ठकांना हात दिला, कंपनीनें तें ओळखूनही आवर घातला नाहीं, आणि जानेवारी २०१७ मध्यें तिला ५८ कोटी ६० लाख डॉलर्स सोडून द्यावे लागले. लुबाडल्या गेलेल्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. 'तुमचा नातू तुरुंगांत आहे, ताबडतोब पैसे धाडा' या एका खोट्या निरोपावर त्यांनीं पैसे पाठविले होते.

परंतु नियमांची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती सांगितली नाहीं तर हें विवेचन एकांगी होईल. दंडाच्या धाकानें कळविणारा मनुष्य जरुरीपेक्षां जास्त कळवूं लागतो. आणि सगळेंच कळविलें कीं खरोखरीचें महत्त्वाचें त्या ढिगांत हरवतें. याहून वाईट म्हणजे बँका पैसा पोंचविणाऱ्या लहान संस्थांशीं व्यवहारच नको म्हणूं लागतात. इंग्लंडांत २०१३ मध्यें बार्क्लेज बँकेनें अशा सुमारे अडीचशें संस्थांचीं खातीं बंद करण्याचें ठरविलें. त्यांत दहबशील नांवाची सोमाली संस्था होती. सोमालियांत त्या वेळीं नीट चालणाऱ्या बँका नव्हत्या. हजारों घरांचें अन्न त्या एका वाटेनें येत होतें. प्रकरण लंडनच्या न्यायालयांत गेलें आणि बँकेला तात्पुरती मनाई झाली. गुन्हेगाराला अडविण्यासाठीं बांधलेल्या बांधानें गरिबाचें पाणी तोडलें, असा हा प्रकार. परदेशांतून दोनशें डॉलर्स धाडावयाचे तर जगांत सरासरी सहा टक्क्यांहून अधिक हुंडणावळ पडते. ती २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या आंत आणावी असें संयुक्त राष्ट्रांनीं ठरविलें आहे. नियम पाळण्याचा खर्च शेवटीं या हुंडणावळींतच मिसळतो. भारतासारख्या देशाला, ज्याच्याकडे २०२२ मध्यें परदेशस्थांनीं शंभर अब्ज डॉलर्सहून अधिक धाडले, हा टक्का कांहीं किरकोळ नव्हे.

आणि म्हातारीचा मूळ प्रश्न? आपल्या पैशाचा मजकूर आपला, तो दुसऱ्यानें कां वाचावा? सर्वोच्च न्यायालयापुढें २००४ मध्यें हैदराबादच्याच एका प्रकरणांत हा प्रश्न आला होता. आंध्र प्रदेशानें मुद्रांकाच्या कायद्यांत दुरुस्ती करून, अधिकाऱ्यानें पाठविलेल्या कोणाही माणसाला बँकेंतील ग्राहकांचीं कागदपत्रें तपासण्याची मुभा दिली होती. कॅनरा बँकेनें ती आव्हानिली. न्यायालयानें सांगितलें कीं कागद बँकेच्या स्वाधीन केला म्हणून त्यावरील ग्राहकाचा खासगीपणाचा हक्क संपत नाहीं, आणि ती दुरुस्ती टिकूं दिली नाहीं. म्हणजे कायद्यानें ठरविलेली माहिती, ठरविलेल्या कक्षाला, ठरविलेल्या कारणासाठीं देणें ही एक गोष्ट. आणि दप्तर वाटेल त्याच्यापुढें उघडणें ही दुसरी. दिल्लीचा हा कक्ष स्वतः कोणाला अटक करीत नाहीं. आलेली माहिती ताडून पाहून, जरूर वाटल्यास, ती तपासयंत्रणांकडे देतो. त्या यंत्रणा मात्र ती कशी वापरतात यावर जनतेची आणि न्यायालयांची नजर असली पाहिजे, ही मागणी गैर नाहीं.

व्यवहारांतली धास्ती बहुधा याहून जवळची असते. ओळखपत्राची नक्कल दिल्लीला गेली याचें भय बाळगण्यापेक्षां ती दुकानाच्या खणांतून भलत्याच हातीं गेली तर, याचें भय अधिक रास्त आहे. नकलेवर 'अमुक तारखेस पैसे घेण्यासाठीं दिली' असें आडवें लिहून सही करण्याची जुन्या माणसांची पद्धत या कामीं फार उपयोगी पडते. अंगठा उमटविण्यापूर्वीं यंत्रावर दिसणारा आंकडा कोणाकडून तरी वाचून घ्यावा. एका अंगठ्याऐवजीं दोन मागितले तर कारण विचारावें. दुकानाबाहेर मूळ संस्थेचें नांव आणि तक्रारीचा क्रमांक लावलेला नसेल तर तो मागावा. 'तुमचें नांव संशयांत आहे, मिटवून देतों' असें म्हणून कोणी पैसे मागूं लागला तर तो निश्चित ठक समजावा, कारण ज्यांना खरोखर ठाऊक असतें त्यांना तें बोलण्याचीच बंदी आहे.

बाजाराच्या दिवशीं दुपारीं गर्दी ओसरली कीं लासूरच्या दुकानांत दुकानदार सकाळपासूनच्या पावत्या यंत्रावरील यादीशीं ताडून पाहतो. बारा खेपा असल्या तर बारा पावत्या हव्यात. अकरा भरल्या तर बारावी कोणाची, हें आठवेपर्यंत त्याला दुकान बंद करतां येत नाहीं.